विंटन मार्सालिसचा ‘कार्नावाल’ : साध्या चालीवर इतकं काही उभं राहू शकतं!

कॉर्नेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लग्नाची वरात येते, नाहीतर पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतला ब्रास बँड. पितळी, तीन कळांचं, दिसायला ट्रम्पेटपेक्षा थोडं आखूड आणि आवाजाला जास्त गोल असलेलं वाद्य. तर या वाद्यावर एक माणूस काय काय करू शकतो हे ऐकायचं असेल तर विंटन मार्सालिसचा ‘कार्नावाल’ हा अल्बम ऐकाच. १९८७ चा आहे, सोबत ईस्टमन विंड आन्सांबल आणि डोनाल्ड हन्सबर्गर कंडक्टर. आन्सांबल म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या ईस्टमन म्युझिक स्कूलचा ताफा, म्हणजे व्हायोलिन वगैरे नाही, सगळी फुंकवाद्यं आणि तालवाद्यं. एका अर्थी बँडच, पण कसला बँड!

मार्सालिस माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा ट्रम्पेटवाला, जन्म १९६१ चा, जॅझ आणि क्लासिकल दोन्हीचं ग्रॅमी एकाच वर्षी मिळवलेला माणूस. जॅझवाला म्हणून जास्त प्रसिद्ध, पण इथे तो जॅझ अजिबात वाजवत नाही. इथे तो शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कॉर्नेट सोलोइस्टांचा खजिना काढून बसलाय, म्हणजे त्या काळात अमेरिकेत गावोगावी बागेतल्या मंडपात बँड वाजायचे आणि कॉर्नेटवाला हा लोकांचा हिरो असायचा, हर्बर्ट क्लार्क, ज्युल्स लेव्ही, बेलस्टेट हे सगळे त्या जमान्यातले. त्यांचा फॉर्म्युला ठरलेला, लोकांच्या तोंडी असलेली एक चाल घ्यायची, आधी ती साधी वाजवून दाखवायची आणि मग तिच्यावर एकापेक्षा एक अवघड व्हेरिएशन्स, म्हणजे तीच चाल दर वेळी नव्या नक्षीने सजवून.

पहिलाच ट्रॅक ‘कार्निव्हल ऑफ व्हेनिस’ आणि माझ्या मते पैसे वसूल तिथेच होतात. मूळ चाल इटलीची, लोकांमधली, लहान मुलाला दोनदा ऐकून म्हणता येईल इतकी सोपी, सहाच्या झुलत्या लयीत. हिच्यावर पागानिनीने व्हायोलिनसाठी व्हेरिएशन्स लिहिली, शोपॅंने पियानोसाठी, तारेगाने गिटारसाठी, बोत्तेसिनीने तर डबल बाससाठी. एवढे दिग्गज हिच्याच मागे का लागले असतील? मला वाटतं कारण चालीच्या साधेपणातच आहे. तिच्याखाली जेमतेम दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे सुरांचे गट) आहेत, आलटून पालटून तेच, त्यामुळे वर तुम्ही कितीही सूर ओता, ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळत राहतं. मुळातच गुंतागुंतीची चाल असती तर तिसऱ्या व्हेरिएशनपर्यंत सगळा गोंधळ झाला असता.

इथली व्हेरिएशन्स आर्बांची आहेत. जॉं बाप्तिस्त आर्बां, पॅरिसच्या कॉन्झर्व्हातोआर या संगीत महाविद्यालयातला कॉर्नेटचा प्राध्यापक, १८६४ साली त्याने एक जाडजूड शिकण्याचं पुस्तक काढलं आणि आजही जगभर ट्रम्पेटवाले त्यातूनच रियाज करतात. हा पीस त्या पुस्तकाच्या शेवटी आहे. म्हणजे सगळं पुस्तक घोटून झालं की मग हे वाजवून दाखव! एकेका व्हेरिएशनमध्ये एकेक कसब आहे आणि त्यात डबल-ट्रिपल टंगिंग मला फार आवडतं, जिभेने आत ‘तु-कु तु-कु’, ‘तु-तु-कु’ असं बोलत सूर तोडायचे, तबल्याच्या तिरकिटसारखं, फक्त इथे बोल तोंडातच आणि ते सुरातही हवेत. शेवटच्या व्हेरिएशनमध्ये तर चालीचे सूर एका उंचीवर आणि मधली भराई दुसऱ्या उंचीवर, ओठ सेकंदाच्या तुकड्यात वर-खाली उड्या मारतायत, आणि कानाला खरंच दोन कॉर्नेट वाजतायत असं वाटतं. वाद्य एक, वाजवणारा एक, एका वेळी सूरही एकच! तरी दोन ऐकू येतात. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की मार्सालिस त्या धुमाकुळातही चालीचे सूर किंचित जास्त दाबून, किंचित गाऊन वाजवतो, त्यामुळे मूळ गाणं एक क्षणही हरवत नाही. नुसता वेग असलेले वादक खूप आहेत, पण त्या वेगात गाणं सांभाळणारे कमी, आणि आपल्याकडेही तानेत बंदिशीचं भान ठेवणाऱ्या गायकालाच आपण मोठं म्हणतो ना.

मग पागानिनीचा ‘मोटो पर्पेच्युओ’. मुळात व्हायोलिनचा पीस, व्हायोलिनला श्वास लागत नाही म्हणून न थांबता सुरांची धार, आणि हा पठ्ठ्या तोच कॉर्नेटवर वाजवतो, चार मिनिटांहून जास्त, मध्ये श्वासाची फट नाही. गालात हवा साठवून ती बाहेर ढकलताना नाकाने नवी आत घ्यायची, ही त्यामागची युक्ती. सनई-चौघड्यात नुसता सूर धरून बसणारा साथीदार हेच करतो, त्यामुळे आपल्या लोकांना हे जास्त जवळचं वाटेल, पण एक सूर धरणं वेगळं आणि त्या अवस्थेत जीभ आणि बोटं अशी पळवणं वेगळं.

‘फ्लाइट ऑफ द बम्बलबी’ मात्र मला नाही आवडला. मिनिटभराचा, प्रचंड वेगवान, ऐकताना तोंडातून ‘बापरे’ निघतं आणि संपल्यावर काहीच उरत नाही. बेलस्टेटचा ‘नापोली’ उलट भरपूर मजेचा, ‘फुनिकुली फुनिकुला’ या इटलीतल्या नापोली (नेपल्स) शहराच्या लोकप्रिय गाण्यावरची व्हेरिएशन्स, ती चाल तुम्ही कुठेतरी नक्की ऐकली असेल, बँडही तिथे मोकळा सुटलाय.

आणि हळू ट्रॅक सोडू नका प्लीज, हे कळकळीने सांगतोय. ‘लास्ट रोझ ऑफ समर’ ही आयरिश चाल आणि ‘समटाइम्स आय फील लाइक अ मदरलेस चाइल्ड’ हे गुलामगिरीच्या काळातल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. दुसऱ्यात त्याचा आवाज इतका उघडा पडतो की आधीच्या कसरतींमागे हाच माणूस होता हे लक्षात येतं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकगीताला काही न करता नुसतं नीट वाजवणं हेही कसबच आहे.

तक्रारी दोनच. एक, रेकॉर्डिंग त्या काळच्या डिजिटलसारखं जरा कोरडं आणि चकचकीत आहे, साध्या ब्लूटूथ स्पीकरवर वरचे सूर टोचतात, चांगले हेडफोन लावा. दुसरी, सगळे ट्रॅक सलग ऐकलेत तर साधारण मध्यावर कान थकतात, कारण बऱ्याच पीसचा साचा एकच आहे, प्रस्तावना, चाल, व्हेरिएशन्स, टाळ्या. म्हणून एका वेळी तीन-चारच ऐका, पहिला ट्रॅक, मग मोटो पर्पेच्युओ, मग मदरलेस चाइल्ड. आणि ऐकताना आधी मूळ चाल दोनदा गुणगुणून घ्या, मग व्हेरिएशनमध्ये ती शोधायला खरी मजा येते.

साडेचार स्टार. ओळखीत कोणी बँडमध्ये ट्रम्पेट-कॉर्नेट वाजवणारं पोरगं असेल तर त्याला पहिला ट्रॅक आजच पाठवा, आणि सोबत आर्बांच्या पुस्तकाबद्दलही सांगा.