इंदूरचा सराफा : पुणेकराच्या ताटलीतून

पुण्यात रात्री अकराला भूक लागली तर भुर्जीच्या गाडीखेरीज फारसा आधार नसतो. त्यामुळे होळकरांच्या राजवाड्याजवळील सराफ्यात सोन्याचांदीच्या पेढ्या बंद होताच त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया चढताना पाहून मी थक्क झालो. खरी कसोटी होती साबुदाण्याच्या खिचडीची. आपल्याकडे ती तुपात परतून दाण्याच्या कुटात घोळवतात आणि उपवासाचे पावित्र्य सांभाळतात. येथे मात्र साबुदाणा वाफेवर मोकळा ठेवून, मागणी येताच पातेल्यात जिरावन हा तिथला चटपटीत मसाला, लिंबू व मूठभर शेव घालून कालवून देतात. आईला हे सांगण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही, पण दुसरी ताटलीही मीच घेतली. दुधात शिजवलेला भुट्टे का कीस, म्हणजे किसलेला मका, हाही उत्तम. गराडू हा तळलेला कंद मात्र तेलकट वाटला. बसण्यास जागा जवळजवळ नाही आणि शनिवारी तर खांद्याला खांदा लागतो. तरीही, स्वच्छ सर्वेक्षण या केंद्र सरकारच्या शहर-स्वच्छतेच्या पाहणीत २०१७ पासून सलग सात वेळा अव्वल ठरलेल्या या शहरात रिकामा द्रोण हातात धरून मला कचराकुंडी शोधत फिरावे लागले नाही. जायचे असल्यास दहानंतर आणि दुपारचे जेवण टाळूनच जावे.