डेव्हिल मे क्राय ४ स्पेशल एडिशन: मारामारीला तोड नाही, पण डान्टेच्या वाट्याला उष्ट्या लेव्हल

सेलमधे घेतला होता, या उन्हाळ्यात एकदा संपवला आणि आता दुसऱ्यांदा खेळतोय. राक्षसांशी तलवारी-बंदुकांनी लढायचा ॲक्शन गेम आहे, मूळ गेम कॅपकॉम या जपानी कंपनीचा २००८ चा, ही स्पेशल एडिशन २०१५ ची. जुना आहे म्हणून सोडू नका, साध्या पीसीवर पण मस्त चालतो, माझं ग्राफिक्स कार्ड मित्राकडून सेकंडहँड घेतलेलं आहे तरी कुठे अडकला नाही. मे महिन्यात जळगावात दुपारी पीसी लावायची सोयच नसते, खोली तव्यासारखी तापते, म्हणून माझं सगळं खेळणं रात्री दहानंतरचं.

आधी मारामारीबद्दल बोलतो कारण त्याच्यासाठीच गेम घ्यायचा. सुरुवातीला नीरो मिळतो, म्हणजे गेमचा तरुण नायक. त्याच्या तलवारीला, रेड क्वीनला, बाईकसारखी मूठ आहे. बटण दाबलं की तो ती मूठ पिळतो, इंजिन गुरगुरतं, आणि ताकदीचे तीन खाने भरले की पुढचे वार आगीसकट बसतात. पण खरी गंमत अशी की वार होतो त्या नेमक्या क्षणाला बटण दाबलं तर न थांबता लगेच खाना भरतो, म्हणजे प्रत्येक वाराला एक रेस द्यायची. मला पहिले तीन दिवस जमलं नाही. काकांची जुनी राजदूत होती, किक मारल्यावर रेस कधी आणि किती द्यायची हे कोणी सांगून कळायचं नाही, हातालाच कळायचं, हे अगदी तसंच आहे. चौथ्या रात्री लागोपाठ तीन वार रेससकट बसले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, खोटं नाही सांगत. शिवाय नीरोचा तो राक्षसी हात, लांबचा शत्रू खेचून आणायचा आणि आपटायचा, प्रत्येक शत्रूला आपटायची तऱ्हा वेगळी. चिलखतवाल्याला तर धरून ढालीसारखा पुढे करता येतो.

आणि मग डान्टे, मालिकेचा जुना नायक. चार स्टाईल म्हणजे लढायच्या चार पद्धती, तीन तलवारी-बिलवारी, तीन बंदुका, आणि हे सगळं हवेत असताना, कॉम्बो म्हणजे सलग वारांची साखळी न तोडता बदलता येतं. गिल्गामेश या हातमोज्यांनी ठोसा मारून वर उडवायचं, मधेच ट्रिकस्टर स्टाईलवर जाऊन जवळ पोचायचं, परत तलवारमास्टर. रॉयल गार्डमधे वार बरोबर वेळेवर अडवला तर त्याची ताकद साठते आणि नंतर एकदम सोडता येते. मी इतके ॲक्शन गेम खेळलो पण हाताला इतकं मोकळं रान दुसऱ्या कुठल्या गेमने दिलेलं नाही, अजून पण नाही. आणखी एक गोष्ट फार आवडली, घेतलेली स्किल परत विकली तर पॉईंट पूर्ण परत मिळतात, म्हणजे बिनधास्त ट्राय करा, नाही पटलं तर दुसरं घ्या.

आता राग कशाचा ते. एकूण २० मिशन. पहिली ११ नीरोची: शहर, किल्ला, जंगल, मुख्यालय. बाराव्यापासून डान्टे येतो आणि तो काय करतो, तर मुख्यालय, जंगल, किल्ला, शहर. तोच रस्ता उलटा! जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचं आणि गाडीतून न उतरता धुळे, पारोळा, एरंडोल करत परत यायचं. माझा मावसभाऊ अमळनेरचा, सुट्टीत आला होता, तो बाजूला बसून बघत होता, तो म्हणाला "दादा, हा तर मघाचाच किल्ला आहे ना?" मी काय सांगणार. बॉस, म्हणजे मोठे शत्रू, पण तेच, आगीचा तो बेरियल आधी नीरोने मारायचा, मग डान्टेने, आणि शेवटी परत नीरोने. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मला भीती पण नव्हती आणि मजा पण नव्हती. गेममधलं सगळ्यात भारी पात्र आणि त्याच्यासाठी नवी जागाच नाही, हे मला खरंच लागलं.

फाशांचं प्रकरण तर विचारूच नका. मोठा फासा तलवारीने मारायचा, पुतळी तेवढी घरं पुढे सरकणार, चुकीच्या घरात पडली की शत्रू अंगावर. एकदा ठीक होतं, पण शेवटून दुसऱ्या मिशनमधे, कथा ऐन भरात आलेली असताना, परत तोच पट मांडलाय आणि त्यातूनच आधीच्या बॉसशी परत भांडायचं. जंगलात वाट चुकली तर होतो तिथेच. कॅमेरा बऱ्याच ठिकाणी एका जागी खिळलेला, तो बदलला की हातातली दिशा उलटी होते आणि आपण ज्या दारातून आलो त्यातूनच बाहेर जातो. आणि मधेच लाईट गेली की मिशन पहिल्यापासून, आमच्याकडे उन्हाळ्यात हे किती वेळा होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

ब्लिट्झ नावाचा एक विजेचा शत्रू आहे, त्याच्या अंगावर वीज असेपर्यंत तलवार कामाची नाही, लांबून गोळ्या मारत बसायचं. एवढी सुंदर तलवारबाजी शिकवली आणि मग तीच म्यान करायला लावायची, हे कुणाच्या डोक्यातून आलं?

स्पेशल एडिशनमधे डान्टेचा जुळा भाऊ व्हर्जिल, आणि ट्रिश व लेडी या त्याच्या साथीदार पण खेळायला मिळतात. व्हर्जिल तर अप्रतिम, न पळता, शांतपणे, एकही वार वाया न घालवता खेळलं तर त्याची ताकद वाढत जाते, पळालं की उतरते. पण त्याच्या वाट्याला पण तेच किल्ले आणि तेच जंगल.

घ्यावा की नाही? सेलमधे असेल तर घ्या, आणि एक करा, स्टोरी एकदाच संपवा, कंटाळा आला तर सोप्या लेव्हलवर संपवा, कारण त्यानंतर ब्लडी पॅलेस उघडतो. १०१ मजले, घड्याळ चालू, ना फासे ना परतीचा रस्ता, फक्त मारामारी. आम्ही दोघा भावांनी पाळी लावली होती, मेला की कंट्रोलर दुसऱ्याकडे. तो अमळनेरला परत गेला त्याच्या आदल्या रात्री आम्ही साठाव्या मजल्यापर्यंत पोचलो. दिवाळीत तो परत येणार आहे, तोपर्यंत मी एकट्याने एकसष्टाव्या मजल्यावर चढणार नाही असं ठरलंय.