किक ऐकायची कशातून: हेडफोन की मॉनिटर?

मालवणात माझी खोली दहा बाय दहा फुटांची. चिऱ्याच्या भिंती, खाली गुळगुळीत लादी, वर पत्रा. घरी टेक्नो (नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) बनवताना किक, म्हणजे ढोलासारखा खालचा ठोका, नीट ऐकायला मी आधी मॉनिटर, म्हणजे स्टुडिओचे स्पीकर, घेतले आणि फसलो, म्हणून हे लिहितोय.

दोष मॉनिटरचा नव्हता, खोलीचा होता. समोरासमोरच्या भिंती दहा फुटांवर असल्या की साधारण ५६ हर्ट्झचा आवाज त्यांच्यात अडकून घुमतो. खोली चौरस असल्यामुळे लांबीला आणि रुंदीला तोच आकडा, आणि टेक्नोची किक नेमकी तिथेच आसपास वाजते. मी बसायचो खोलीच्या मधोमध, जिथे हा सूर जवळजवळ नाहीसा होतो. मग काय, किक वाढवत गेलो. तोच ट्रॅक मित्राच्या रिक्षात लावला तर नुसतं धुम्म धुम्म! कोपऱ्यांत काथ्याच्या गाद्या उभ्या केल्या. वरचा खणखणाट गेला, बेस होता तसाच. तो आवरायला फूटभर जाडीचं रॉकवूल (दगडी लोकर) लागतं.

शिवाय यामाहा एचएस५ सारखे पाच इंची मॉनिटर खाली ५४ हर्ट्झपर्यंतच जातात, तेही तिथे १० डेसिबलने पडून. सब-बेस, म्हणजे अगदी खालचा बेस, त्यांच्यातून कळत नाही.

हेडफोनला खोलीच नसते. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की मॉनिटर बंदच ठेवावे लागतात. तेव्हा बंद कपांचा बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो उपयोगी पडतो. ८० ओहमचा घ्या, साध्या ऑडिओ इंटरफेसवरही (लॅपटॉपला जोडायच्या आवाजाच्या पेटीवर) चालतो. सेनहायझर एचडी ६०० सारख्या उघड्या कपांतून पाऊसही मिक्समध्ये ऐकू येतो. वीज गेली तरी लॅपटॉपवर काम चालू राहतं, आमच्याकडे हे काही थोडं नाही. कुशनना मात्र बुरशी धरते. हेडफोन सिलिका जेलसोबत घट्ट डब्यात ठेवावा.

हेडफोनचीही एक खोड आहे. डावा आवाज फक्त डाव्या कानात जातो, त्यामुळे पॅनिंग (आवाज डावी-उजवीकडे मांडणं) आणि रिव्हर्ब (आवाजाचं घुमणं) यांचा अंदाज चुकतो. तिथे मॉनिटर सरस.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर मी आज डोळे झाकून हेडफोन घेईन. घरात लांबट माजघर मोकळं असेल आणि ते वापरायला आईची हरकत नसेल, तर मॉनिटरचा विचार दिवाळीनंतर करा. बाकी रिक्षाची चाचणी दोन्हीकडे लागतेच.