फुर्टवेंग्लरची 'नववी': १९४२ की १९५१?

बेथोव्हेनची नववी सिम्फनी जर्मन वाद्यवृंद-संचालक फुर्टवेंग्लरचीच घ्यायची, इथवर तुम्ही आला असाल तर पुढचा घोळ दोन ध्वनिमुद्रणांचा: बर्लिन, मार्च १९४२ आणि बायरॉइट, २९ जुलै १९५१. मी दोन्ही घेऊन बसलोय.

बर्लिनचं नाव काढलं की प्रश्न ठरलेला: हा माणूस नाझींच्या राज्यात राहिलाच कशाला? तो पक्षाचा सभासद नव्हता. नाझींना नकोशा झालेल्या हिंडेमिथ या संगीतकाराची बाजू घेतल्यावर १९३४ मध्ये त्याला पदं सोडावी लागली. पण काही महिन्यांत तो पुन्हा वाद्यवृंदासमोर उभा होता. डिसेंबर १९४६ मध्ये नाझींशी असलेल्या संबंधांची चौकशी झाली, त्यातून सुटला. तरी एप्रिल १९४२ मध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्याने हीच नववी सादर केली, आणि प्रचारमंत्री गोबेल्स मंचाशी येऊन त्याच्याशी हात मिळवतो, ते चित्रीकरण पुसता येत नाही. मार्चचं मुद्रण त्या कार्यक्रमाचं नव्हे. गल्लत मात्र सर्रास होते.

म्हणून मित्र सांगतात, १९५१ घे, मनाला टोचणी नको. अहो, बायरॉइट तर हिटलरचं लाडकं ठिकाण! युद्धानंतर तिथला वाग्नरच्या संगीताचा महोत्सव पुन्हा सुरू झाला, तेव्हाची ही मैफल. सोवळंच पाळायचं तर दोन्ही बाद. गायिका एलिझाबेथ ह्यॉन्गेनसुद्धा दोन्हीकडे गाते.

राहता राहिले कान. १९४२ च्या पहिल्या भागात मूळ धून परतते तिथे टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, असे कोसळतात की अंगावर काटा येतो. तसं दुसरीकडे मी ऐकलेलं नाही. पण माझं बिनसलं तेही तिथेच. हळुवार जागांसाठी आवाज वाढवावा, तर टिंपनी फाटतात. पुढे कोरस चिरकतो. रात्री घरचे झोपलेले आणि माझा एक हात सतत बटणावर. तीन वेगवेगळ्या आवृत्त्या आणून पाहिल्या, फरक उन्नीस-बीस.

बायरॉइटला वादक अधूनमधून चुकतात, शेवटी तर नुसती पळापळ. पण तिसरा भाग लावा. व्हायोलिनं धून उलगडत जातात, कुणालाच घाई नाही. वीसेक मिनिटं मी बटणाला हात लावत नाही.

तुमचं यंत्र माझ्यापेक्षा बरं असेल, किंवा धीर जास्त असेल, तर १९४२ जरूर घ्या. माझी ती सीडी सध्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. काढायची तर स्टूल लागतं.