पाणी किती घालायचं: समीकरण, सूत्र की अ‍ॅलिगेशन?

एकच उदाहरण तिन्ही रीतींनी सोडवून बघू. ३० टक्के आम्लाचं ४० लिटर द्रावण आहे. ते २० टक्क्यांवर आणायला किती पाणी घालावं लागेल?

आधी समीकरण. पाणी क्ष लिटर मानू. आम्ल आधी १२ लिटर होतं, पाणी घातल्यावरही १२च राहणार. म्हणून १२ = ०.२ × (४० + क्ष), आणि क्ष = २०. सगळी मेख त्या कंसात आहे. पाणी घातलं की एकूण द्रावणही वाढतं, हे ध्यानात ठेवलं तर पुढे नुसती आकडेमोड उरते.

दुसरं सूत्र: आधीची तीव्रता × आधीचं आकारमान = नंतरची तीव्रता × नंतरचं आकारमान. ३० × ४० = २० × ६०. एका ओळीत काम होतं खरं, पण हाती आलेले ६० हे एकूण द्रावण झालं, पाणी नव्हे. बहुपर्यायी प्रश्नात हा ६० पर्यायांमध्ये हमखास दबा धरून बसलेला असतो! शिवाय पाण्याऐवजी १० टक्क्यांचं द्रावण ओतलं, तर आम्ल बाहेरूनही येतं आणि हे सूत्र तसंच्या तसं लागू होत नाही.

अ‍ॅलिगेशन, म्हणजे तीव्रतांमधल्या फरकांवरून मिसळण्याचं प्रमाण काढायची रीत, तिथेही डगमगत नाही. पाणी ० टक्के, द्रावण ३०, हवेत २०. तिरक्या वजाबाक्या करा: ३० − २० = १० हा पाण्याचा भाग, २० − ० = २० हा द्रावणाचा. प्रमाण १ : २, म्हणजे ४० लिटर द्रावणाला २० लिटर पाणी. पाण्याच्या जागी १० टक्क्यांचं द्रावण घेतलं तर दोन्ही वजाबाक्या १०, प्रमाण १ : १, उत्तर ४० लिटर, सारं तोंडी. भाग उलटे लिहिले जाण्याची भीती असते, पण पडताळा सोपा आहे: हवी असलेली तीव्रता ज्याच्या जवळ, त्याचा भाग मोठा.

बाष्पीभवनाच्या उदाहरणात मात्र अ‍ॅलिगेशनच्या वाटेला जाऊ नये. तेच द्रावण आटवून ५० टक्के करायचं असेल, तर ५० हा आकडा ० आणि ३० यांच्या मध्ये येतच नाही. समीकरणात फक्त चिन्ह बदलतं: १२ = ०.५ × (४० − क्ष), क्ष = १६.

म्हणून माझं मत असं: पाया कच्चा असेल तर समीकरणच धरावं, ते हळू आहे, पण कुठेच अडत नाही. हात बसला आणि घड्याळ पळत असलं, की दोन द्रावणं मिसळण्याच्या गणितांना अ‍ॅलिगेशन. सूत्र निव्वळ पाण्यापुरतं, तेही वजाबाकी न विसरणाऱ्यांनी.

‘थोडं काढून तितकंच पाणी भरलं, असं दोनदा केलं’ या प्रकाराला तिन्ही लांबच पडतात. तिथे दर वेळी उरलेल्या भागाने गुणायचं. २० लिटरमधून ५ काढले की ३/४ उरतं. दोनदा केलं की ९/१६. म्हणजे ८० टक्क्यांचं द्रावण ४५ टक्क्यांवर येतं.