जुन्या महामार्गाची तपासणी आणि रुंदीकरणाचा आराखडा: एका सल्लागार सेवेचा अनुभव

आमच्या देखरेखीखालील एका जुन्या महामार्गाची पुनर्बांधणी आणि रुंदीकरण करायचे ठरल्यावर रस्त्याची तपासणी, वाहतुकीची गणना आणि आराखडा ही तिन्ही कामे आम्ही एकाच सल्लागार संस्थेकडे सोपवली होती. अंतिम अहवाल हाती आला आहे आणि अशी सेवा घेऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. काही गंभीर उणिवाही सांगायच्या असल्याने संस्थेचे नाव देत नाही.

तपासणीचे काम मात्र मनापासून दाद द्यावी असे झाले. रस्त्याची प्रत ठरवताना बहुतेक जण पृष्ठभागाच्या खडबडीतपणाच्या निर्देशांकावर थांबतात. 1982 मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या प्रयोगांतून आकाराला आलेला हा निर्देशांक प्रवास किती सुखद होतो ते सांगतो, पण रस्त्यात ताकद किती उरली आहे ते सांगत नाही. या संस्थेने त्यापुढे जाऊन फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर वापरला. या यंत्रात ठरावीक वजन रस्त्यावर पाडतात आणि आघाताच्या जागी व तिथून वाढत्या अंतरावर रस्ता किती दबतो ते संवेदकांनी मोजतात. दूरच्या संवेदकांवरील नोंदी खालच्या थरांची आणि त्याखालच्या मातीची अवस्था उघड करतात. थरांची जाडी रडारने मोजली आणि जागोजागी दंडगोलाकार नमुने कापून ती पडताळूनही पाहिली. आम्ही सर्वांत चांगला समजत होतो तोच पट्टा आतून सर्वांत कमकुवत निघाला, कारण वरच्या डांबरी थराने खालची झीज झाकली होती. केवळ डोळ्यांनी पाहणी केली असती, तर त्या पट्ट्याचे पुनर्बांधणीच्या यादीत नावही आले नसते.

जुना आणि नवा रस्ता जिथे जुळतो त्या सांध्याचा विचार हा या अहवालाचा उत्तम भाग आहे. जुना भराव वर्षानुवर्षांच्या वजनाने बसलेला असतो, नवा भराव मात्र बांधल्यानंतरही बसत राहतो, आणि दोहोंमधील या फरकामुळे सांध्यालगत लांबच लांब भेग पडते. म्हणून जुन्या भरावाच्या उतारावर पायऱ्या कापून नवी माती थराथराने दाबावी आणि वरचा सांधा चाकांच्या वाटेत येऊ देऊ नये, असे अहवालात आकृत्यांसह सांगितले आहे. पाण्याच्या निचऱ्याबाबतची सूचना तर त्याहून मोलाची आहे. जुन्या रस्त्याच्या खडीच्या थरातले पाणी कडेने बाहेर पडत असेल आणि रुंदीकरणात त्या कडेला कमी पाझरणारा थर घातला, तर पाणी आत कोंडते व जुना भाग हौदात बसल्यासारखा भिजत राहतो. रुंद झालेल्या पृष्ठभागावरून जास्त पाणी वाहणार, हे धरून संस्थेने प्रत्येक मोरीची क्षमता नव्याने तपासली; मोऱ्या नुसत्या लांबवून काम भागवलेले नाही.

वाहतुकीच्या प्रकरणाने मात्र निराशा केली. वाहने मोजली, पण आसभार, म्हणजे वाहनाच्या एकेका आसावरून रस्त्यावर येणारे वजन, एकाच ठिकाणी तोलला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात झालेल्या मोठ्या चाचणीतून निघालेल्या ढोबळ नियमानुसार रस्त्याची हानी आसभाराच्या जवळपास चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार 20 टक्क्यांनी जास्त असेल तर हानी सुमारे दुप्पट होते. थरांची जाडी ज्या आकड्यावर ठरते, तोच इतक्या तोकड्या नोंदींवर उभा करणे मला पटलेले नाही. शिवाय पुढील वाढ एकाच दराने सरळ धरली आहे. रस्ता रुंद झाला की गर्दीमुळे दुसरे मार्ग किंवा वेळा निवडणारी वाहनेही त्याच्याकडे वळतात, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच मांडले होते, पण अहवालात त्याचा विचार नाही.

काम चालू असताना वाहतूक कशी चालणार, याला पहिल्या मसुद्यात जेमतेम एक पान दिले होते. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे रुंदीकरण केले तर जुनी मध्यरेषा टिकते, पण वाहतुकीच्या दोन्ही कडांना काम चालते आणि दोन सांधे तयार होतात. एकाच बाजूला रुंदीकरण केले तर आधी नवा भाग बांधून वाहतूक तिकडे वळवता येते आणि मग जुना भाग मोकळा करून खोदता येतो, मात्र सगळी जमीन त्याच बाजूला लागते. ही तुलना आम्ही मागितल्यावरच झाली. ती करून देताना त्यांनी चालढकल केली नाही, हेही नमूद करायला हवे; सुधारित प्रकरणात प्रत्येक टप्प्यातील वळणमार्ग, पादचाऱ्यांची वाट आणि रुग्णवाहिकांसाठीची सोय नकाशावर दाखवली आहे.

जुन्या रस्त्याची तपासणी करून घ्यायची असेल, तर ही सेवा मी पुन्हा निवडेन. वाहतुकीचे काम द्यायचे झाल्यास आसभार किती ठिकाणी आणि किती दिवस तोलायचा, हे करारातच लिहून घ्यावे. आम्ही ते लिहिले नव्हते आणि ती नोंद आता निविदेपूर्वी आम्हाला पुन्हा करून घ्यावी लागत आहे.