फरसाणाच्या पॅकिंगसाठी घेतलेला नायट्रोजन जनरेटर: दीड वर्षाच्या वापरानंतर

आमच्या फरसाणाच्या कारखान्यात चिवड्याच्या पाकिटांत भरायचा नायट्रोजन पूर्वी सिलिंडरने येत असे. दीड वर्षापूर्वी दाबाखालच्या हवेतूनच नायट्रोजन वेगळा करणारा दोन टॉवरचा जनरेटर बसवला आणि तेव्हापासून एकही सिलिंडर मागवावा लागलेला नाही. शेव खवट झाल्याची तक्रारही या काळात आलेली नाही.

या यंत्राचा खरा जीव टॉवरमधल्या काळ्या दाण्यांत, म्हणजे कार्बन मॉलेक्युलर सीव्हमध्ये आहे. ऑक्सिजनचा रेणू सुमारे ३.४६ अँगस्ट्रॉमचा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) आणि नायट्रोजनचा ३.६४ अँगस्ट्रॉमचा, एवढ्या किंचित फरकावर दोन्ही वायू वेगळे होतात, याचे मला आजही नवल वाटते. पुरेसा वेळ दिला तर हे दाणे दोन्ही वायू जवळजवळ सारखेच धरून ठेवतात, परंतु अरुंद छिद्रांतून ऑक्सिजन कितीतरी लवकर आत शिरत असल्यामुळे, नायट्रोजन आत पोहोचण्यापूर्वीच, साधारण मिनिटाभरात, हवा दुसऱ्या टॉवरकडे वळवली जाते आणि पहिल्याचा दाब सोडून त्यातला ऑक्सिजन बाहेर टाकला जातो. रुग्णालयातील ऑक्सिजन प्लांटमध्ये वापरला जाणारा झिओलाइट नेमका उलट वागतो, तो नायट्रोजन धरून ठेवतो. म्हणून एकाच्या जागी दुसरा भरून चालत नाही. हवेतला सुमारे ०.९ टक्के आर्गॉन मात्र नायट्रोजनसोबतच येतो. पाकिटातल्या मालाला त्याची काहीच बाधा नाही.

तक्रार आहे ती पुरवठादाराबद्दल. कोटेशनमध्ये ड्रायर होता, पण कॉम्प्रेसरच्या हवेतले तेल अडवणारा फिल्टर नव्हता आणि आम्हीही तो मागितला नाही. आठव्या महिन्यात शुद्धता ९९.५ टक्क्यांवरून ९८ वर उतरली. तेलाने छिद्रांची तोंडे एकदा बुजली की ते दाणे पुन्हा पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे दोन्ही टॉवरमधला सीव्ह बदलावा लागला आणि तो खर्च आमच्याच माथी आला.

म्हणून घेणाऱ्याने फिल्टरची मागणी लेखी करावी, आणि शुद्धतेचा आकडा विचारताना तो किती प्रवाहाला मिळतो हेही विचारावे, कारण शुद्धता वाढवली की त्याच यंत्रातून नायट्रोजन कमी मिळतो आणि हवा जास्त लागते. टॉवरमधून सुटणाऱ्या हवेत ऑक्सिजन जास्त असतो. तिची नळी आम्ही भिंतीबाहेर, तळणीच्या भट्टीपासून दूर काढली आहे.